ओल्या बोनेटवरचं नाव

“पानी टाका म्याडम,” देवराव म्हणाले. “अन् मंग सांगा, मी येडा झालो का गाडी येडी झाली.”

आर्णीतल्या त्या सिमेंटच्या अंगणात मधोमध काळीभोर नवी गाडी उभी होती. आभा सरोदेनं बादली उचलली आणि बोनेटवर पाणी ओतलं.

पाण्याचे गोल थेंब झाले आणि घरंगळून गेले, अळूच्या पानावरून जावेत तसे. पण काचेजवळ, गाडीच्या डाव्या अंगाला, थोडं पाणी हललंच नाही. ते पसरून चिकटून बसलं, आणि त्याची अक्षरं झाली. आभा गाडीसमोर उभी होती, म्हणून तिला ती उलटी दिसली. वळसा घालून ती डाव्या दाराशी गेली, दार उघडून सीटवर बसली. तिथून नाव अगदी सरळ वाचता येत होतं.

उकंडा.

“याडी वो!” धावजी राठोड आईला हाक मारत दोन पावलं मागं सरकले. चौतीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस चोराला कधी भ्याला नाही. मेलेल्यांचं मात्र त्यांना वावडं होतं.

“या सीटवर कोण बसतं?” आभानं विचारलं.

“मी. दुसरं कोन बसन?” देवराव म्हणाले.

आभानं पर्समधून भिंग काढलं आणि खाली उतरून अक्षरांवर धरलं. अक्षरांच्या कडा बोटानं ओढलेल्या रेषेसारख्या गुळगुळीत नव्हत्या. त्यांना बारीक दाते होते, आडवे-उभे, एकसारखे. तिनं धावजींना भिंग दिलं. धावजींनी ते दुरूनच पाहून परत केलं.

दहा मिनिटांत उन्हानं पाणी वाळलं आणि नाव नाहीसं झालं. बोनेट पुन्हा आरशासारखं.

आभा वीस वर्षं विम्यासाठी अपघातातल्या गाड्या तपासत होती. खरा पोचा कोणता आणि हातोडीनं पाडलेला कोणता, हे ती नुसता हात फिरवून सांगायची. पाच वर्षांपूर्वी तिनं यवतमाळात स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं आणि धावजी जोडीला आले. गाडी चालवायला, ओळखी काढायला आणि तिला चूक ठरवायला. शेवटचं काम त्यांना अजून जमलं नव्हतं.

“हा उकंडा कोण?”

“आमच्या वावरात फवारनी कराचा. मेला बिचारा. औषध लागलं त्याले.”

कपाशीवर मारायच्या विषाला आपल्याकडे औषध म्हणतात, आणि आर्णीच्या आसपासचं निम्मं औषध देवरावांच्या कृषी केंद्रातून जायचं. ते साल दोन हजार सतराचं. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, बोंडअळी काही मरत नव्हती आणि फवारणारी माणसं मात्र जिल्हाभर दवाखान्यात पडत होती. कोणी आंधळं झालं, कोणी घरी परत आलंच नाही. दुकानदार म्हणायचे, वाऱ्याच्या उलट फवारलं असेल, नाहीतर दारू प्यायला असेल. मेलेला माणूस उत्तर देत नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडलं.

“सुरुवातीपासून सांगा,” आभा म्हणाली. “तारखेवार.”

देवरावांना तारखा पाठ होत्या. पंचवीस सप्टेंबरला गाडी यवतमाळहून घरी आली, रंगावर महागडं कोटिंग करून. “तो पोट्टा बोल्ला, सात दिवस कोट कच्चा राह्यते. पानी नको, सोडा नको, चुना नको, पाखराची घान नको. मी घरात सगळ्यायले रोज सांगून ठेवलं. गाडी शेडमधी, शटरले कुलूप, अन् चाबी हे इथं.” त्यांनी कमरेच्या करदोड्याला बांधलेली किल्ली दाखवली. “तीस तारखेले, दसऱ्याले, पूजेपुरतं शटर उघडलं. दोन तारखेले तो पोट्टा तपासाले आला तवा उघडलं. बस. अन् तीन तारखेले पयल्यांदा गाडी धुतली, तं हे नाव!”

“सात दिवसांत गाडी बाहेर निघालीच नाही?”

“एक फूट नाही. लिहून देतो. फिर्यादीत देल्लंच हाये लिहून.”

“फिर्याद कोणावर?”

“फुलसिंग. माझा ड्रायव्हर. सत्तावीस तारखेले हाकलला त्याले, उलटून बोल्ला म्हनून. त्याचंच काम हे. भर बाजारात पानी आलं अन् लोकायनं नाव वाचलं, म्याडम. दुकानात गिऱ्हाईक येत नाही. बाया गाडीले हात जोडते!” त्यांचा आवाज चढला. “त्याले आत टाकलं, तं ठानेदार म्हनते, कुलूप तुमचं, चाबी तुमच्या कमरेले, मंग त्यानं लिहिलं कसं? उद्या सकाळपर्यंत सांगा, नाही तं सोडतो. तुमी फक्त कसं ते सांगा. मले त्याचे हात जन्मभरासाठी बांधाचे हायेत. मूठभर ज्वारीले महाग करतो त्याले!”

सूडाची हौस काही माणसांना जेवणापेक्षा प्यारी असते. आभानं गाडीचे कागद मागितले.

“गाडी कुंदाबाईंच्या नावावर आहे,” ती कागद चाळत म्हणाली.

“बायकोच्या नावानं काढली. नावात काय हाये? तिच्यात बसाचं तं मलेच ना.”

“आणि दसऱ्याची पूजा?”

देवरावांनी हौसेनं मोबाइल काढला. फोटोत झेंडूचा हार घातलेली गाडी होती, पुढे स्वतः देवराव फेटा बांधून. बोनेटवर काचेजवळ लाल खणाची जाड दुहेरी घडी, घडीतून विड्याच्या पानांची टोकं डोकावत होती आणि वर नारळ. “कुंकवाचा स्वस्तिक नाही काढू देल्ला मी. खन ठेव म्हटलं कोरडा, त्याच्यावर नारळ ठेव. कोटिंगले काही झालं नाही पायजे.”

बैठकीत चहा आला. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण काचेत मढवून टांगलं होतं. आभा उठून वाचू लागली. चौकशी समितीपुढे देवरावांनी लेखी निवेदन दिलं होतं: विषबाधा झालेल्या मजुराला सत्तावीस तारखेला आपण तातडीनं स्वतःच्या नव्या गाडीतून यवतमाळच्या दवाखान्यात पोचवलं. समितीनं त्यांच्या माणुसकीचं कौतुक केलं होतं. धावजींनीही वाचलं आणि मान डोलावली. “मोठं मन लागते याले,” ते म्हणाले. आभानं चहाचा घोट घेतला.

चहा आणणाऱ्या कुंदाबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. उजव्या हाताच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती.

“बोटाला काय झालं?”

“सोड्यानं सालपट निघालं. घटस्थापनेच्या आधी गोधड्या धुतल्या ना.”

“फक्त एकाच बोटाचं?”

कुंदाबाईंनी बोटाकडे पाहिलं. “ते नाजूक अशीन,” त्या म्हणाल्या, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

ठाण्यातल्या कोठडीत फुलसिंग भिंतीला टेकून बसला होता. धावजींना पाहून उठला. दोघांचे तांडे शेजारशेजारचे.

“धावजीकाका, मी भूत हाओ का? शटरमधून जाऊन लिहीन?”

“मग तुला का काढलं?” आभानं विचारलं.

“चाबी मांगतली म्हनून.” फुलसिंगचे डोळे भरून आले, पण आवाज रागाचा होता. “सत्तावीसले दुपारी उकंडाले वावरातून आनलं. डोळ्यानं दिसून नव्हतं राह्यलं त्याले, वकून राह्यला होता. फाटकाशी पडला. मी म्हटलं मालक, गाडीची चाबी द्या, तासाभरात यवतमाळले पोचवतो. तं मालक म्हने, कोट कच्चा हाये, बाहेर पानी चालू हाये. वरून सीटा नव्या. मी हात पुढं केला तं थोबाडीत देल्ली. मंग मी माह्या मोटरसायकलवर नेलं. उकंडा मंधात, त्याची बायको दीपाभाभी मागून धरून. भर पावसात. दोन ठिकानी थांबा लागलं, बसनं होत नव्हतं त्याच्यानं. डॉक्टर म्हने, आणखी आधी आनाले पायजे होतं. एकोणतीसले गेला.”

“हे समितीला सांगितलं नाहीस?”

“हाकललेल्या ड्रायव्हरचं कोन आयकते? ते म्हने, रागानं बोलून राह्यला.”

“तेव्हा तिथं आणखी कोण होतं?”

“बाई होत्या. ओट्यावर. काही बोल्ल्या नाही त्या.”

बाहेर आल्यावर धावजींनी आपल्या गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, “म्याडम, एक सांगतो. हे खरं बोलून राह्यला अशीन तं त्याच्यापाशी कारन पक्कं हाये. मीच त्याच्या जागी असतो तं गाडी पेटवून देल्ली असती.”

“हो. पण पेटवलेली नाही.”

“मंग कोनं लिहिलं?”

“धावजी, मघाशी नाव कोणत्या बाजूनं सरळ वाचता येत होतं?”

“सीटवरून,” धावजी म्हणाले. आणि त्यापुढे त्यांचा विचार गेला नाही.

उकंडाचं घर गावाच्या टोकाला, टिनाचं. दीपानं त्यांना खाटेवर बसवलं. तिशीची असेल. कपाळ मोकळं, बोलणं तुटक.

“देवरावच्या अंगनात मी एकदाच गेलती. फाटकाच्या आत त्यायनं येऊ नाही देल्लं. पाय धरले त्यायचे, फाटकातून हात घालून.” ती थांबली. “नाव उमटते म्हने गाडीवर. उमटू द्या. मले तं वाटते रोज उमटलं पायजे.”

“तिथलं कोणी इथं आलं होतं?”

“बाई आलत्या. कुंदाबाई. गांधी जयंतीच्या दिवशी सांजच्याले. खन अन् नारळ घेऊन. आता तुमीच सांगा, माह्यासारखीले कोनी खन देते का? गावातल्या बायायनं पाह्यलं तं हसत्या. मी म्हटलं बाई, चुकल्या का तुमी? तं म्हने, नाही चुकली, ठेव.”

आभानं खण पाहायला मागितला. दीपानं पेटीतून काढून दिला. लाल कापड, पण एका अर्ध्या भागात रंग जागोजागी विटून पिवळट पांढरा झाला होता आणि तिथं हाताला कडक लागत होतं.

“कच्चा रंग,” धावजी म्हणाले. “आजकाल सगळं असंच.”

आभानं तो पिवळा भाग उजेडात धरला, भिंग लावलं, मग खण पुन्हा नीट घडी करून दीपाच्या हातात दिला. “जपून ठेवा. उद्या सकाळी घेऊन या. फुलसिंगसाठी.”

“त्याले फासावर द्याले निघाले का ते?”

“त्याला सोडवायला म्हणते आहे मी.”

गाडीला कोटिंग करणाऱ्या पियूषचं दुकान यवतमाळच्या बसस्थानकामागे. पोरगा बोलका, आपल्या धंद्यावर जीव असलेला. आभानं विचारताच त्यानं एक जुनं, बिनकोटिंगचं दार आणि एक कोटिंग केलेलं दार शेजारी ठेवून दोन्हींवर पाणी मारलं. पहिल्यावर पाणी पसरलं आणि चिकटून राहिलं. दुसऱ्यावर मोती झाले आणि पळाले.

“रंगावर काचेसारखा पातळ थर बसतो, मॅडम. पाण्याला धरायला जागाच मिळत नाही, म्हणून ते गोळा होऊन सरकतं. जिथं थर गेला तिथं पाणी बसणार. बस, एवढीच जादू.”

“टिकतं किती?”

“गॅरंटी तीन वर्षांची देतो. पण आपल्याकडचं ऊन, धूळ, बोअरचं खारं पाणी... नीट ठेवली तर तीन, नाहीतर दोन धरा. हळूहळू थेंब आळशी होतात, चपटे पडतात. तेव्हा समजायचं, संपत आलं.”

“एखाद्यानं मधेच खरवडून काढलं तर?”

“सात दिवसांनंतर? हातानं निघणारच नाही. मशीन लावावी लागते, अर्धा दिवस, सगळ्या गल्लीला आवाज. पण पहिल्या सात दिवसांत कोट कच्चा असतो. तेव्हा सोडा, चुना, पाखराची घाण, काहीही खाऊन टाकतं त्याला.”

“देवरावांकडे तपासणीला गेलात, तेव्हा काय पाहिलंत?”

“कोरडी गाडी पाहिली, ठीक होती. पाणी नाही मारलं, त्या दिवशीपर्यंत मारायचंच नसतं.” तो जरा चिडला. “बोनेटवर मात्र खण नि नारळ तसाच होता, दसऱ्यापासून. मी म्हटलं, काका, कच्च्या कोटवर काही झाकत नाहीत! काकू पुढं झाल्या नि पटकन उचललं. कापड पापडासारखं कडक झालेलं.”

“तुम्ही एकटे होतात का गाडीपाशी?”

“काका एक मिनिट हलले नाहीत.”

“आणि मीटर?”

“लिहितो ना. पहिल्या आठवड्यात गाडी पळवली तर गॅरंटी बाद.” त्यानं कार्डाची प्रत काढली. दुकानातून निघताना एकतीस किलोमीटर. दोन ऑक्टोबरला आर्णीत त्र्याहत्तर. खाली पियूषची आणि देवरावांची सही.

“इथून आर्णी बेचाळीस,” धावजी म्हणाले. “बरोबर हाये हिसोब. याच्यात काय?”

“काहीच नाही,” आभा म्हणाली. “म्हणूनच तर मजा आहे. पियूष, उद्या सकाळी आर्णीला या.”

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता देवरावांच्या अंगणात सगळे जमले. देवरावांनीच आग्रह धरला होता की फुलसिंगला सगळ्यांदेखत उघडं पाडायचं. ठाणेदार फिर्यादीची फाइल घेऊन आले होते, दोन शिपायांमध्ये फुलसिंग उभा. पियूष गाडीजवळ. फाटकाच्या बाहेर दीपा, खण छातीशी धरून.

“तिला आत येऊ द्या,” आभा म्हणाली.

देवराव काही बोलायच्या आत कुंदाबाईंनीच जाऊन फाटक उघडलं.

“आधी तारखा,” आभानं सुरुवात केली. “पंचवीस ते दोन, गाडी शेडमध्ये. देवराव, मध्ये एकदाही निघाली नाही ना?”

“कितीदा सांगू? एक फूट नाही!”

“ठाणेदारसाहेब, फिर्यादीत तसं आहे?”

“सहीनिशी,” ठाणेदार म्हणाले.

“ठीक. हे नाव कोटिंग खाऊन लिहिलेलं आहे. मशीनचा आवाज कोणी ऐकला नाही, म्हणजे कोट कच्चा असतानाच, दोन तारखेच्या आत लिहिलं. पियूषनं कोटिंग करतानाच ही जागा सोडली असेल का? नाही. तो कोटिंग करत होता तेव्हा उकंडा धडधाकट होता. जिवंत माणसाचं नाव सूड म्हणून कोण लिहील? दीपा फाटकाच्या आत आलीच नाही. आणि फुलसिंगला सत्तावीसला हाकललं. त्यानंतर शटर दोनदाच उघडलं, दोन्ही वेळा तुमच्यासमोर. तो कुठं होता? दसऱ्याला उकंडाच्या घरी. दोन तारखेला पियूषनं त्याला पाहिलं नाही.”

“मंग काय भुतानं लिहिलं?” देवराव ओरडले.

धावजींनी अपेक्षेनं आभाकडे पाहिलं.

“नाही. तुमच्या डोळ्यांदेखत लिहिलं. दसऱ्याला.” तिनं धावजींना खूण केली, त्यांनी बोनेटवर पाणी ओतलं. नाव वर आलं. “कडा पाहा. बारीक चौकडीचे दाते. बोटाला असे दाते नसतात, कापडाच्या विणीला असतात. हे नाव कापडातून झिरपून उतरलंय.”

दीपानं न सांगता खण पसरला. तिच्याकडे आता सगळे पाहत होते. लालात विटलेले ते पिवळट डाग सलग पाहिले की अक्षरं होती. ती तीच होती.

दीपाच्या हातातून खण जवळजवळ सुटला. आठ दिवस ती नवऱ्याचं नाव पेटीत ठेवून झोपत होती आणि तिला माहीत नव्हतं.

“धुण्याचा सोडा आणि पानाचा चुना,” आभा म्हणाली. “दोन्ही एकत्र केलं की चामडं सोलतं. खणाच्या खालच्या घडीवर त्या लगद्यानं नाव लिहिलं. वरच्या घडीला ओल दिसू नये म्हणून मध्ये विड्याची पानं घातली. वरून नारळ, म्हणजे कापड दाबून बसेल. दोन दिवस ते तिथंच राहिलं, कारण शटरला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या कमरेला. कुलपानं नाव राखलं, देवराव, तुमच्याच कुलपानं. आणि लगदा सुकून खण पापडासारखा कडक झाला.”

 देवराव हळूहळू ओट्याकडे वळले.

“गावाला दाखवायचं असतं तर नाव समोरून वाचता आलं असतं,” आभा म्हणाली. “ते काचेकडे तोंड करून लिहिलंय. डाव्या सीटवर बसणाऱ्या एकाच माणसासाठी. बाजारात लोकांनी वाचलं तो पावसाचा प्रताप.”

“त्यायच्या नादी नका लागू म्याडम, पुढचं मीच सांगतो,” ओट्यावरून आवाज आला.

कुंदाबाई खाली उतरल्या. बोटाची चिंधी त्यांनी सोडून टाकली होती. तर्जनीचं पेर लालभडक, सोललेलं.

“मीच लिहिलं. फुलसिंगनं चाबी मांगतली अन् ह्यायनं त्याच्या थोबाडीत मारली. दीपानं फाटकातून हात घालून पाय धरले. अन् मी ह्या ओट्यावर उभी होती. ‘द्या चाबी’, दोन शब्द. सव्वीस वर्षात सवयच नाही राह्यली, तोंडून निघालेच नाही. तिकडे तो माणूस मेला, अन् दसऱ्याले हे मले म्हनते, गाडीची पूजा कर. म्हटलं, करतो. अशी करतो का जलमभर ध्यानात राहीन.”

“तू!” देवराव तिच्या अंगावर धावले. धावजी मध्ये आले. म्हातारा हवालदार त्या क्षणी अजिबात सावकाश नव्हता. “साहेब, हिच्यावर गुन्हा लिहा! नुकसान केलं माझ्या गाडीचं!”

“तुमच्या कुठल्या?” आभा म्हणाली. “गाडी कुंदाबाईंची आहे. स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या हातानं त्यांनी काहीही लिहावं. फुलसिंगवरची फिर्याद इथंच संपली. दुसरी मात्र सुरू होतेय.”

तिनं ते काचेतलं कात्रण बैठकीतून आणवलं होतं. ते तिनं ठाणेदारांच्या हातात दिलं आणि वर पियूषचं कार्ड ठेवलं.

“समितीपुढे यांनी लिहून दिलं, सत्तावीस तारखेला उकंडाला याच गाडीतून यवतमाळला नेलं. तुमच्या फिर्यादीत लिहून दिलं, गाडी एक फूट हलली नाही. दोन्हींवर एकच सही. खरं कोणतं, ते मीटर सांगतं. यवतमाळला जाऊन यायला चौऱ्यांशी किलोमीटर आणखी लागले असते. ते नाहीत.”

ठाणेदारांनी तिन्ही कागद दोनदा वाचले. “देवराव,” ते म्हणाले, “सरकारी चौकशीत खोटं निवेदन दिलंत तुम्ही?”

“अहो पानी पडून राह्यलं होतं त्या दिवशी!” देवरावांचा तोल गेला. “कोट कच्चा होता! तो वकून राह्यला होता, सीटा नव्या होत्या, अन् तसाही तो...”

ते थांबले, पण फार उशिरा.  दुसऱ्याचे हात बांधायला आणलेली दोरी त्यांनी स्वतःच आपल्या हातांना गुंडाळून घेतली होती, आणि मला विचाराल तर ती आणखी घट्ट हवी होती.

“उकंडाला काय फवारायला दिलं होतं, तेही बघू,” ठाणेदार म्हणाले. “दुकानाच्या गोदामाची चावीही त्या करदोड्यालाच असेल.” त्यांनी शिपायांना फुलसिंगला सोडायला सांगितलं. फुलसिंग मनगटं चोळत दीपाजवळ जाऊन उभा राहिला. दीपा रडत नव्हती. ती एकटक देवरावांकडे पाहत होती, त्यांनी नजर चुकवली तरीही.

पियूष हळूच म्हणाला, “काकू, सांगाल तर मशीन लावून ते नाव काढून देतो. नवा कोट चढवतो.”

“हात नको लावू,” कुंदाबाई म्हणाल्या.

शिपाई दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले तेव्हा देवरावांना एकदम कंठ फुटला. “याद राख कुंदा! सुटून येईन मी! या घरात पाय नाही ठेवू देनार तुले! आत्ताच्या आत्ता निघ!”

“कायले निघू?” कुंदाबाईंचा आवाज जराही चढला नाही. “तुमी जाऊन या. मी इथंच हाओ. हा पोट्टा म्हनते, कोटिंग तीन वर्ष टिकते. मी टिकीन त्याच्याहून जास्त. तुमी आले का रोज सकाळी चहा मीच देईन, अन् रोज इचारीन, उकंडाले चाबी काहून नाही देल्ली.”